कार्थेजचा बिशप आणि पेत्राचं आसन

येशूने पेत्राला खडक म्हटलं आणि त्या खडकावर आपली मंडळी उभारण्याचं वचन दिलं, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. हा खडक म्हणजे स्वतः पेत्र, त्याने बोलून दाखवलेला विश्वास की खुद्द ख्रिस्त, यावर ख्रिस्ती जगात आजही एकमत नाही. धर्माचार्य ऑगस्टिनने उतारवयात आपलंच लेखन तपासताना दोन अर्थ मांडले आणि निवड वाचकावर सोपवली. मला या वादाचं मर्म तिसऱ्या शतकातल्या एका भांडणात सापडतं.

इ.स. 250 च्या सुमारास सम्राट डेशियसने हुकूम काढला, की रोमच्या देवांना बळी अर्पण करून प्रत्येकाने तसा दाखला घ्यावा. अनेक ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी दिला, तर काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं मंडळीच्या दारात परत आली. त्यांना आत घ्यायला रोममध्ये नोव्हाशियनने ठाम विरोध केला आणि 251 मध्ये तो रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या विरोधात स्वतः बिशप होऊन बसला. पुढे त्याच्या गटात बाप्तिस्मा घेतलेले लोक मूळ मंडळीकडे वळू लागले, तेव्हा नवा पेच पडला. त्यांचा बाप्तिस्मा खरा धरायचा का?

कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, मंडळीबाहेर पवित्र आत्मा नाही, म्हणून बाप्तिस्माही नाही. रोमचा बिशप स्टीफन म्हणाला, चालत आलेली रीत बदलू नका, डोक्यावर हात ठेवून त्यांना आत घ्या. आणि या म्हणण्यामागे त्याने पेत्राचा वारस म्हणून पेत्राच्या गादीचं वजन उभं केलं.

पेत्राचं मोठेपण सिप्रियनलाही मान्य होतं. ख्रिस्ताने एका पेत्रापासून सुरुवात केली ती मंडळीची एकी दिसावी म्हणून, असं त्यानेच लिहिलं होतं. पण तो अधिकार सगळ्या बिशपांचा मिळून एकच, अशी त्याची धारणा होती. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर चूक दाखवली, तेव्हा पेत्राने आपल्या थोरपणाचा आधार घेतला नाही, हे त्याने आवर्जून नोंदवलं. 1 सप्टेंबर 256 रोजी कार्थेजच्या सभेत 80 हून अधिक बिशप जमले. आपल्यातल्या कुणीही बिशपांचा बिशप होऊ पाहत नाही, वेगळं मत असणाऱ्याला आपण तोडणार नाही, असं आधी सांगून सिप्रियनने एकेकाला बोलायला लावलं. स्टीफनने मात्र विरोधकांशी संबंध तोडण्यापर्यंत मजल नेली होती.

मूळ मुद्द्यावर सिप्रियन चुकला, असं माझं मत आहे. बाप्तिस्मा देणारा कोणत्या गटाचा यावर संस्काराचं खरेपण ठरू लागलं, तर साध्या श्रद्धाळूची धास्ती कधीच संपणार नाही. 314 च्या आर्लच्या परिषदेने रोमचीच रीत उचलली. आजही वसईत किंवा नगरला त्रैक्याच्या नावाने, पाण्याने बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट कॅथलिक झाला, तर त्याला तो पुन्हा देत नाहीत.

पण प्रेषितांकडून आलेला अधिकार कसा वापरावा, हे सिप्रियनला स्टीफनपेक्षा अधिक उमगलं होतं. मंडळीपासून फुटलेले दोनाटसचे अनुयायी पुढे बाप्तिस्म्याबद्दलचं त्याचं मत पुढे करत, तेव्हा ऑगस्टिन त्यांना बजावत असे, की त्याचं मत घेता तर त्याने न मोडलेली एकीही घ्या. अधिकाराचा वाद मात्र मिटला नाही. 1870 मध्ये व्हॅटिकन परिषदेने पोपच्या, म्हणजे रोमच्या बिशपच्या, सर्वोच्च अधिकाराला सिद्धांताचं रूप दिलं. मंडळीचा पाया म्हणजे प्रेषितांची शिकवण, ती शास्त्रात आहे, असं प्रोटेस्टंट त्याआधीपासून म्हणत आले. दोन्ही बाजू सिप्रियनलाच साक्षीला बोलावतात.

258 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. रोमच्या प्राचीन मिस्सा-प्रार्थनेत हुतात्म्यांची नावं घेतात, त्यात कॉर्नेलियसच्या लगोलग सिप्रियनचं नाव येतं. त्याच्याशी भांडलेल्या स्टीफनचं नाव त्या यादीत नाही.