रोहीचं रान

बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं. तिथलं सागवान वाघाला, अस्वलाला मानवतं. रोहीला, म्हणजे नीलगायीला, दाट जंगल नको असतं. बोरी-बाभळीची झुडपं, मधे गवत, लांबवर नजर पोचेल अशी उघडी जागा त्याला लागते. डोंगर उतरला की ती लागते. तिथंच आपली शेतं आहेत.

आशियात रोहीहून मोठा कुरंग नाही. खांद्यापाशी दीड मीटरपर्यंत उंच; मोठा नर अडीचशे किलोच्या आसपास भरतो. नर निळसर करडा, मादी पिवळट तपकिरी. पाठ खांद्याकडून पुठ्ठ्याकडे उतरत गेलेली. गळ्यावर पांढरा डाग, नराच्या गळ्याखाली केसांचा झुपका. एवढ्या धिप्पाड देहाला शिंगं मात्र वीतभर. आफ्रिकेच्या माळावरचा इलँड याहून कितीतरी थोराड. पण तो, रोही आणि आपल्या गोठ्यातली गाय एकाच उपकुळातली.

शरीर म्हणजे जागेनं घातलेली सवय. उंच खांदा, लांब मान, तीक्ष्ण नजर ही उघड्यावर जगणाऱ्याची ठेवण आहे. उघडी जमीन कुणी पेरली, हे त्या नजरेला दिसत नाही.

सकाळी हरभऱ्यात गेलं की ओल्या मातीत खुरांचे जोडठसे दिसतात. शेंडे खुडलेले, घाटे धरलेली झाडं आडवी. खाल्लं त्याहून तुडवलं जास्त. बांधावर लेंड्यांचा ढीग. रोही त्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. आपल्याकडे सातबारा आहे, त्याच्याकडे हा ढीग.

आपल्या या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याची मारामार. तिथं उभं राहिलेलं पीक फार कष्टाचं असतं. थंडीत जागलीला जाणाऱ्याच्या रागाला नावं ठेवायचा हक्क घरात झोपणाऱ्याला नाही. पंचनामा पिकाचा होतो, झोपेचा होत नाही.

आणि तरीही रोहीला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९७२ च्या कायद्यानं त्याच्या जिवाला संरक्षण दिलं; त्याच्या झुडपी माळाला कुणी दिलं नाही. जंगल म्हटलं की आपल्याला झाडी आठवते, माळ आठवत नाही. डोंगरपायथ्याचं ई-क्लासचं गायरान नांगरलं म्हणून रोही वर सागवानात चढत नाही. तो शेजारच्या उंच तुरीत जाऊन बसतो.