‘प्रार्थना करून सांगतो’

चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. संडे स्कूलला शिकवशील का? दवाखान्यातल्या आजींना भेटून येशील का? भावाशी अबोला धरलायस, तो सोडशील का? उत्तर ठरलेलं: “प्रार्थना करून सांगतो.” कधी त्यामागे खरीच प्रार्थना असते. पुष्कळदा मात्र तो सभ्य नकार असतो. देवाचं नाव घेतल्यामुळे समोरच्याला पुढे काही विचारताही येत नाही.

पवित्र शास्त्रातली माणसं इतका वेळ घेत नाहीत. येशूने हाक मारताच शिमोन आणि अंद्रिया जाळी टाकून निघतात. इसहाकाचं अर्पण करायची आज्ञा होते आणि अब्राहाम पहाटेच उठून गाढवावर खोगीर घालतो. उपदेशात यावरून सांगितलं जातं: विश्वास असेल तर विचारत बसू नकोस, नीघ.

इथे आपल्याला धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. न विचारता निघायची सवय लागलेल्या माणसाला कुणीही कुठेही नेऊ शकतं. “देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलंय” असं म्हणून दुसऱ्याचं लग्न, नोकरी, पैसा यांचे निर्णय घेणारे लोक असतातच.

म्हणून प्रश्न विचारणं आणि टाळाटाळ करणं यांत फरक करायला हवा. लहानगा शमुवेल हाक ऐकून तीनदा धावत गेला, पण एलीकडे. हाक कुणाची, हे कळायला त्याला मदत लागली. मरीयेने देवदूताला ‘हे कसं होईल?’ असं विचारलं आणि मग होकार दिला. या दोघांना कुणी अवज्ञा करणारे म्हणत नाही. योनाने मात्र काहीच विचारलं नाही. निनवेला जायचं आहे हे त्याला स्वच्छ कळलं होतं. त्याने तार्शीशला जाणाऱ्या जहाजाचं भाडं भरलं.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. चर्चची सगळी शिकवण त्यांनी निमूट स्वीकारावी, अशी तिथल्या सिस्टर्सची अपेक्षा होती. रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला, पटलं नाही ते मान्य केलं नाही. याच रमाबाई १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला. सिद्धांतावर त्या वर्षानुवर्षं वाद घालू शकल्या. भुकेल्या मुलीपुढे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

यातून मला एक साधी कसोटी सुचते: या आज्ञापालनाची किंमत कोण मोजणार? माझा वेळ, माझा पैसा, माझा अहंकार जाणार असेल, तर माझ्या प्रत्येक शंकेवर मी आधी संशय घ्यावा. किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार असेल, तर थांबावं, दहा वेळा विचारावं.

या कसोटीने अब्राहाम सुटत नाही, हे कबूल करायला हवं. किंमत इसहाकाच्या जिवाची होती. सोरेन किर्केगार्दने १८४३ मध्ये या एका प्रसंगावर अख्खं पुस्तक लिहिलं, तरी तो प्रसंग आजही बोचतो. पण हाच अब्राहाम आधी सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत खाली येतो. आणि डोंगरावर ‘थांब’ ही हाक येते, तेव्हा सुरी उगारलेला त्याचा हात तिथेच थांबतो. उत्साहाच्या भरात निघालेल्यांना नेमकी ही दुसरी हाक ऐकू येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांवर मोरिया डोंगर चढायची वेळ येत नाही. आपल्याकडे असतात उसने घेतलेले पैसे, न मागितलेली माफी, न केलेला फोन. यांत देवाची इच्छा शोधायला काही उरलेलं नसतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू तर सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावं. म्हणजे भावाकडे जाण्यासाठी त्याने उपासनासुद्धा थांबवायला सांगितली आहे. तिथे ‘प्रार्थना करून सांगतो’ म्हणायला जागाच नाही.