टोर्नेडो पाहिलेल्यांची साक्ष

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याची राजधानी टोपीका. शहराच्या नैऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. ही टेकडी शहराची राखण करते, टोर्नेडो तिला ओलांडून आत येत नाही, अशी तिथल्या अनेकांची जुनी श्रद्धा होती. ८ जून १९६६ च्या संध्याकाळी टोर्नेडो नेमका त्याच टेकडीवरून शहरात शिरला. नैऋत्येकडून ईशान्येकडे त्याने वस्ती चिरत नेली, वॉशबर्न विद्यापीठाच्या इमारती पाडल्या आणि सोळा माणसांचा जीव घेतला. सुमारे दहा कोटी डॉलरचे नुकसान झाले. तोवर एकट्या टोर्नेडोने एवढे नुकसान कधीच केले नव्हते.

त्या श्रद्धेला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही, कारण तिच्यामागे खरा अनुभव होता. अमेरिकेत वर्षाला साधारण बाराशे टोर्नेडो नोंदले जातात, पण बहुतेक दुबळे असतात, काही मिनिटांत विरतात आणि त्यांचा पट्टा बहुधा काहीशे मीटरच्या आतच असतो. एवढ्या मोठ्या मैदानी मुलखात एखादे गाव पन्नास वर्षे कोरडे सुटणे अगदी स्वाभाविक आहे. सुटलेल्या गावाला मात्र कारण हवे असते. कुणी टेकडीकडे बोट दाखवतो, कुणी नद्यांच्या संगमाकडे. अनुभव खरा असतो. त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकतो.

हीच गोष्ट मिसूरी राज्यातल्या जॉप्लिनमध्ये फार महागात पडली. २२ मे २०११, रविवार. टोर्नेडो शहरावर येण्याच्या जवळपास अर्धा तास आधी भोंगे वाजले, काही मिनिटे उरली असताना पुन्हा वाजले. तरीही दीडशेहून अधिक माणसे गेली. हवामान खात्याच्या पथकाने नंतर वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा दिसले की पहिला भोंगा ऐकून बहुतेकांनी आसरा गाठलाच नव्हता. कुणी आकाश पाहायला बाहेर आला, कुणी टीव्ही लावला, कुणी नातेवाइकांना फोन केला. वादळे आपल्या शहराला चुकवून जातात, असेही काहींनी सांगितले. या लोकांना बेफिकीर ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्या काळात अमेरिकेत टोर्नेडोच्या चार इशाऱ्यांपैकी सुमारे तीन फुकट जात. भोंगा वाजतो आणि काही होत नाही, हे लोकांना त्या इशाऱ्यांनीच शिकवले होते.

संकट न आल्याचा अनुभव माणसाला गाफील करतो, हे समजण्यासारखे आहे. पण संकट आल्याचा अनुभवही तेवढाच फसवू शकतो, आणि त्याकडे कमी लक्ष जाते. ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहराइतका टोर्नेडोचा अनुभव फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल. ३ मे १९९९ रोजी तिथे आलेल्या टोर्नेडोतला वारा फिरत्या रडारने ताशी सुमारे ४८० किलोमीटर मोजला. २० मे २०१३ रोजी पुन्हा तसाच भीषण टोर्नेडो आला. चोवीस माणसे दगावली, त्यांत प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतली सात मुले होती. त्या शाळेत सुरक्षित खोली नव्हती.

मग अकराच दिवसांनी, ३१ मे रोजी, जवळच्या एल रीनोकडून आणखी एक टोर्नेडो निघाल्याची बातमी आली. मूरची पडलेली घरे लोकांच्या डोळ्यांसमोर होती. घर वाचवत नाही, हा धडा ताजा होता, म्हणून असंख्य कुटुंबे मोटारी काढून रस्त्यावर आली आणि ओक्लाहोमा सिटीभोवतीचे महामार्ग तुंबले. एल रीनोचा तो टोर्नेडो चार किलोमीटरहून रुंद होता. त्यात आठ जण गेले, आणि सगळे वाहनांत होते. आयुष्यभर टोर्नेडोचा अभ्यास केलेले टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे त्यांतले तिघे. टोर्नेडो शहराच्या दाटीत पोहोचण्याआधी विरला, म्हणून महामार्गांवर अडकलेले हजारो लोक वाचले. मागच्या वादळाने शिकवलेले उत्तर पुढच्या वादळाला लागू पडेलच असे नाही, याचा याहून कठोर दाखला सापडणार नाही.

उड्डाणपुलाची कथाही अशीच. एप्रिल १९९१ मध्ये कॅन्ससच्या एका महामार्गावर काही माणसे टोर्नेडोपासून वाचण्यासाठी पुलाखाली शिरली. सोबतच्या टीव्ही चमूने ते सारे टिपले. सगळे सुखरूप राहिले आणि ती फीत जगभर पाहिली गेली. पुलाखाली जीव वाचतो, असे लाखोंच्या मनात ठसले. प्रत्यक्षात पुलाच्या कपारीत वारा जास्त जोराने घुसतो आणि उडून आलेला राडारोडा थेट अंगावर येतो. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात तीन पुलांखाली माणसे दडली, आणि तिन्ही ठिकाणी प्रत्येकी एक जण मेला. वाचलेला माणूस आपली गोष्ट सांगू शकतो. मेलेल्याची साक्ष नोंदवायला कुणीतरी जावे लागते.

हवामान बदलाबद्दलची रोजची मते याच अनुभवांच्या मातीतून उगवतात. टोर्नेडो पूर्वीपेक्षा वाढले, असे अमेरिकेत सर्रास ऐकू येते. नोंदींत आकडा खरोखर वाढलेला आहे. पण त्याचे मोठे कारण म्हणजे डॉप्लर रडार, वाढती वस्ती आणि प्रत्येकाच्या हाती आलेले कॅमेरे. पूर्वी माळावर येऊन विरणारा टोर्नेडो कुणाच्या वहीत येत नसे. जबर टोर्नेडोंची संख्या वाढल्याचे दिसत नाही. जे बदलले आहे ते सहज नजरेत भरणारे नाही. टोर्नेडोचे दिवस कमी झाले आहेत, पण एकाच दिवशी अनेक टोर्नेडो येण्याचे प्रमाण वाढले आहे. शिवाय व्हिक्टर जेन्सिनी आणि हॅरल्ड ब्रुक्स यांनी २०१८ मध्ये दाखवले की टोर्नेडोला पोषक स्थिती मैदानी पट्ट्यात घटते आहे आणि पूर्वेकडे, मिसिसिपी नदीच्या खोऱ्याकडे, वाढते आहे. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतले मेफील्ड उद्ध्वस्त झाले, तेव्हा ऐन डिसेंबरात असे कधी नव्हते, हे उद्गार ठिकठिकाणी उमटले. मेफील्ड पूर्वेकडचे, म्हणून ती घटना या कलाशी जुळते. पण अमेरिकेतला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो १८ मार्च १९२५ चा, ६९५ बळी घेणारा, आणि तो मिसूरी, इलिनॉय, इंडियाना असा पूर्वेकडेच गेला होता, हे विसरले की एका रात्रीवर भलताच मोठा निष्कर्ष उभा राहतो.

स्मृती किती आखूड असते, याचे मापही आता हाती आहे. संशोधक फ्रान्सिस मूर आणि सहकाऱ्यांनी दोन अब्जांहून अधिक ट्वीट तपासून २०१९ मध्ये मांडले की हवा ‘नेहमीची’ आहे की नाही, हे लोक मागच्या दोन ते आठ वर्षांच्या तुलनेत ठरवतात. आठ वर्षांत विलक्षण गोष्टही अंगवळणी पडते. दुसऱ्या एका संशोधनात आढळले की ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त उकडते, त्या दिवशी लोकांचा जागतिक तापमानवाढीवरचा विश्वासही वाढतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहॉफ तापमानवाढ खोटी ठरवायला सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आले होते. उकाड्याच्या दिवशी पटणारा आणि बर्फ पाहून नाकारणारा, दोघांची चूक एकच आहे: दोघेही आजच्या दिवसाला हवामान समजतात.

मग सामान्य माणसाचे अनुभव टाकून द्यायचे का? मुळीच नाही. टोर्नेडोच्या शास्त्राचा एक मोठा खांबच त्या अनुभवांवर उभा आहे. २० जून १९५७ रोजी नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरावर टोर्नेडो आला. शिकागो विद्यापीठातले तेत्सुया फुजिता तिथे गेले. नागासाकीतला अणुबॉम्बचा विध्वंस त्यांनी तरुणपणी प्रत्यक्ष जाऊन तपासला होता. पडझडीवरून बळाचा अंदाज बांधण्याची नजर त्यांना तिथे मिळाली. फार्गोत त्यांनी गावकऱ्यांनी काढलेली दीडशेहून अधिक छायाचित्रे गोळा केली, प्रत्येक चित्र कुठून आणि किती वाजता घेतले ते निश्चित केले आणि टोर्नेडोचा जन्म, वाढ, अंत मिनिटामिनिटाने मांडला. १९७१ मध्ये त्यांनी तयार केलेली तीव्रतेची श्रेणी, सुधारित रूपात, आजही वापरात आहे. त्या छायाचित्रांपैकी कुठलेही एकटे पुरेसे नव्हते. जागा आणि वेळ जुळवून ती एकत्र आली, तेव्हा त्यांतून शास्त्र निघाले.

मूर शहरानेही शेवटी तेच केले. २०१४ मध्ये, पडलेल्या घरांच्या तपासणीचा आधार घेऊन, ताशी सुमारे २१७ किलोमीटरचा वारा सोसतील अशीच नवी घरे बांधण्याचा नियम शहराने लागू केला. टोर्नेडोसाठी बांधकामाचे नियम बदलणारे अमेरिकेतले ते पहिले शहर.

आपल्याकडे गारपिटीचे तसेच आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात काही आठवडे गारपीट झाली. तेव्हापासून ‘हवामान बदलले’ हे वाक्य पारावर रोज ऐकू येते. पण आपल्या शिवारात कोणत्या तारखेला, किती वाजता, केवढी गार पडली, हे लिहून ठेवणारे घर क्वचित सापडते. पर्जन्यमापक महसूल मंडळात एखाद-दुसराच असतो, आणि गार एका शिवारात पडते, शेजारच्यात पडत नाही. तेव्हा पुढची गार पडेल त्या दिवशी तिच्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून छायाचित्र घ्या, वेळ आणि गट क्रमांक वहीत लिहा, आणि ती वही जपून ठेवा.