रोगाचं नाव आणि काळाची समज

रोगाला नाव देताना माणूस आपली त्या वेळची समजही त्यात ठेवून जातो. नावं क्रमाने वाचली, की वैद्यकाची वाटचाल कळते.

जयसिंगपूर-शिरोळ भागातली वयस्कर माणसं आजही दंडावरचा लशीचा वण दाखवून 'लहानपणी देवी काढल्या होत्या' असं सांगतात. पूर्वी अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणत आणि रोग्याजवळ कडुलिंबाचे डहाळे ठेवत. रोग म्हणजे देवीचा कोप, आणि उपाय म्हणजे तो शांत करणं. जून १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, तिथून ही समज बदलू लागली. लस म्हणजे मुळात फोडातून झरणारा चिकट द्रव. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचत, म्हणून द्रवाचं नाव उपायाला मिळालं. १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगच्या मेलेल्या जंतूंपासून लस केली. तिच्यात फोडातला द्रव नव्हता, तरी नाव टिकलं. १९८० मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. कोपाची कल्पना मागे पडली, पण लोकांच्या बोलण्यात देवी राहिली.

दुसरी नावं लक्षणावरून पडली. हुडहुडी भरून येणारा ताप तो हिवताप. याच रोगाला इटलीत 'मलेरिया', म्हणजे वाईट हवा, असं म्हणत. डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात या रोगाचा परजीवी सापडला आणि हवेचा तर्क कोसळला. हिवताप हे नाव मात्र खोटं ठरलं नाही, कारण त्यात तर्क नव्हता, रोग्याचा अनुभव होता.

काही नावांनी माणसांना दुखावलं. 'महारोग' या शब्दाने रोग्याला गावाबाहेर बसवलं. नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला, तरी शब्दातली भीती ओसरली नाही. बाबा आमटे यांच्या संस्थेच्या नावातही 'महारोगी' आहे. तेव्हाची भाषाच ती होती. आज आपण कुष्ठरोग म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये नव्या रोगांना गावाचं, माणसाचं किंवा प्राण्याचं नाव देऊ नये, असं सुचवलं. नाव खरं असावंच, पण त्याने कुणाला कलंकही लागू नये, इथवर ही समज आली आहे.

पुढचं पाऊल दवाखान्यात पडायला हवं. 'हायपरटेन्शन' ऐकून कितीतरी जण काळजीचं टेन्शन समजतात. गोळ्या सोडून मन शांत ठेवायच्या मागे लागतात. रक्तवाहिन्यांवर रक्ताचा दाब वाढलाय, असं सांगितलं तर गोळी रोज का घ्यायची, ते उमगतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाने १९७३ मध्ये परिभाषा संग्रह प्रसिद्ध केला, तो शास्त्र मराठीत सांगता यावं म्हणूनच. सगळेच घडवलेले शब्द रुळणार नाहीत, आणि 'बीपी', 'शुगर' बोलण्यात राहायलाही हरकत नाही. पण जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी, आणि इथले रोगी पुढच्या उपचाराला जातात त्या मिरज-सांगलीच्या डॉक्टरांनी, चिठ्ठीवर रोगाचं नाव लिहिताना त्याचा अर्थ दोन वाक्यांत मराठीत सांगावा. आणि रोग्यानेही तो विचारल्याशिवाय उठू नये.