चित्राचे मोल आणि घामाचे दाम

काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामात एका दिवंगत धर्मगुरूंचे तैलचित्र सभागृहात लावावे असे ठरले. त्यांचे छायाचित्र म्हणावे तर ओळखपत्रावरचे, कडा पिवळ्या पडलेले, तेवढे एकच उरले होते. ते घेऊन आम्ही हिंगणघाटच्या एका चित्रकाराकडे गेलो. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवून त्याचे घर चाले; फ्लेक्स आल्यापासून ते काम सुटले होते. त्याने बारा हजार रुपये सांगितले. आम्ही म्हणालो, "भाऊ, देवाचे काम आहे. सात हजारांत करा." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ठीक आहे, फादर. तुम्ही म्हणता तसं." पाच हजार रुपये वाचविल्याबद्दल समितीने आमचे कौतुक केले. पुढे तेच कौतुक आम्हाला बोचू लागले.

व्यक्तिचित्राची किंमत ठरवावी तरी कशी? कापड, रंग, जवसाचे तेल, चौकट यांचा हिशेब करता येतो. चौकोन आखून रेखाटन करणे, एक थर वाळल्यावर दुसरा चढविणे, यात गेलेले दिवसही मोजता येतात. परंतु बोटभर छायाचित्रातून माणसाची नजर जिवंत करणे कोणत्या मापाने मोजावे? सतराव्या शतकातील इटालियन चित्रकार ग्वेर्चिनो चित्रातील आकृत्या मोजून दर लावीत असे. १६४९ साली सिसिलीतील एका सरदाराने ८० डुकाट देऊ केले, तेव्हा त्याने कळविले की, आपला दर आकृतीमागे १२५ असल्याने एवढ्या पैशात अर्ध्याहून थोडी अधिक आकृती मिळेल! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याला १४ पौराणिक चित्रांचे ५०,००० रुपये दिले. नामवंताला आपला दर ठणकावून सांगता येतो. ज्याच्या घरी उद्याच्या किराण्याची चिंता आहे, त्याला ते साधत नाही. आणि नीतीचा प्रश्न नेमका तेथेच उभा राहतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात खरेदीविक्रीतील न्यायाचा विचार केला आहे. न्याय्य किंमत काट्यावर तोलल्यासारखी नेमकी ठरत नाही, ती अदमासानेच ठरते, हे ते मान्य करतात. मात्र घेणाऱ्याची गरज मोठी आहे, एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने किंमत वाढवू नये. कारण ती गरज त्याच्या मालकीची नसते, असे ते बजावतात. नुकतेच वडील गेलेले कुटुंब त्यांचे चित्र काढून घ्यावयास येते, तेव्हा चित्रकाराने रंगाचे दाम घ्यावेत, कष्टाचे घ्यावेत, कौशल्याचेही घ्यावेत; अश्रूंचे घेऊ नयेत.

याची दुसरी बाजू पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात मांडली. गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी मान्य केली, तरी केवळ त्या संमतीने ती न्याय्य होत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. "त्याने तर होकार दिला होता," असे आम्हीही स्वतःला समजावीत होतो. पण त्या होकाराआधीचा क्षणभराचा थांबा आम्ही ऐकला नव्हता. शिवाय, आमच्या झग्यापुढे नकार देणे त्याला किती अवघड गेले असेल!

हा धडा शिकण्यासाठी आम्हाला रोमला जाण्याची गरज नव्हती. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. सूत कातणाऱ्या बाईला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महागली तरी चालेल, असा आग्रह त्यांनी त्या वर्षी धरला. तेथेच ग्रामोद्योग संघाचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ होते. वस्तू कशी तयार झाली, कोणाला पिळून तयार झाली, याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, असे ते सांगत.

कोणी विचारील, "फादर, चर्चचा पैसा म्हणजे गरीब भाविकांचाच पैसा. तो वाचवू नये काय?" जरूर वाचवावा. पण त्यासाठी चित्र लहान करावे, पूर्णाकृतीऐवजी केवळ मुखवटा काढून घ्यावा, किंवा पैसे जमेपर्यंत वर्षभर थांबावे. काम कमी करून घ्यावे, कामाचे दाम कमी करू नयेत. किंमत आधी ठरवावी, कागदावर लिहावी आणि चित्र हाती येईल त्याच दिवशी चुकती करावी. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, ही आज्ञा जुन्या करारातच आहे.

शेवटी आम्ही उरलेले पाच हजार रुपये घेऊन हिंगणघाटला गेलो. त्याने ते मोजून घेतले. आभार मानले नाहीत; मानण्याचे कारणही नव्हते. परत निघताना भिंतीला टेकवून ठेवलेले एका लहान मुलीचे चित्र दिसले. आम्ही चौकशी केली. एका शेतमजुराची ती लेक तापाने गेली होती. "याचे काय घेतले?" आम्ही विचारले. "रंगाचे," तो म्हणाला.

देवाचे काम तो करीत होताच. ते त्याच्याकडून मागून घेण्याचा अधिकार मात्र आमचा नव्हता. दान ज्याचे त्याने द्यावयाचे असते. दुसऱ्याच्या घामातून आपल्याला दानधर्म करता येत नाही.