न दिसणारी लाट आणि चंद्रभागेचे पाणी

उष्ण कटिबंधातल्या वातावरणात वाऱ्याच्या लाटा उठतात आणि हजारो किलोमीटर सरकत जातात. पण अशी लाट डोळ्यांनी कोणी पाहिलेली नाही. फुगे सोडून वाऱ्याची दिशा आणि वेग मोजतात, उपग्रह ढगांची नोंद ठेवतात. या आकड्यांतून रोजची खळबळ आणि ऋतूंची सरासरी वजा केली की जो संथ चढउतार उरतो, ती लाट. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी 1971 साली प्रशांत महासागरातल्या कँटन बेटावरच्या नोंदींतून चाळीस ते पन्नास दिवसांचा असा चढउतार शोधला. भारतीय रेखांशांवर डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी 1980 साली दाखवले की पावसाळ्यात ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळ समुद्रावर तयार होतो, उत्तरेकडे सरकतो आणि काही आठवड्यांनी हेच पुन्हा घडते. साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर असलेले पंढरपूर या पट्ट्याच्या वाटेवरच येते.

जे कोणत्याच इंद्रियाला कळत नाही, ते आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न आपल्या दर्शनांनी वाऱ्याबद्दलच विचारला होता. वायूला स्पर्श आहे पण रूप नाही, असे वैशेषिक मानतात. म्हणून स्पर्शावरून त्याचे अनुमानच करावे लागते, हे जुने मत. तो त्वचेला प्रत्यक्ष कळतो, हे पुढच्या काळातल्या अनेक नैयायिकांचे मत. झुळकेपुरता हा वाद कसाही सुटो, लाटेच्या बाबतीत त्याला जागा उरत नाही. झुळूक अंगाला लागते, चाळीस दिवसांचा चढउतार लागत नाही. लाट अनुमानानेच कळते.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार आहेत, आणि वात्स्यायनाच्या भाष्यातली त्यांची पहिली दोन उदाहरणे जणू पावसाळ्यातूनच उचललेली आहेत. ढग पाहून पाऊस येईल म्हणणे हा एक प्रकार. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला असे ओळखणे हा दुसरा. सूर्य आता इथे, मग तिथे दिसतो, म्हणून तो सरकला असला पाहिजे, हा तिसरा. ढगांचा पट्टा आज विषुववृत्ताजवळ, पंधरवड्याने कोकणाच्या अक्षांशावर दिसला म्हणून तो सरकत आला, हे या तिसऱ्या जातीचेच अनुमान.

पंढरपूरचा खरा धडा मात्र दुसऱ्या प्रकारात आहे. गाव पर्जन्यछायेत आहे. नदीच्या वाळवंटावर थेंब नसताना भीमा, म्हणजे इथली चंद्रभागा, चढते, पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागते, जुना दगडी पूल पाण्याखाली जातो. पाऊस पडलेला असतो दूर सह्याद्रीत. यावरचा आक्षेपही न्यायसूत्रांतच नोंदवला आहे: पाणी अडवल्यानेही नदी चढते, मग अनुमान चुकणार नाही का? उत्तर असे, की नुसते पाणी वाढणे ही खूण नव्हेच. ओढ वाढलेली, फेस आलेला, पाने-फळे-लाकडे वाहत येणारी नदीच वरचा पाऊस सांगते. आज हा आक्षेप अधिक टोकदार झाला आहे. वर भीमेवर उजनी धरण आहे, नीरेचे पाणी नरसिंगपूरला येऊन मिळते, आणि वारीत स्नानासाठीही उजनीतून पाणी सोडले जाते. अशी सोडलेल्या पाण्याची वाढ माणसाच्या निर्णयाची असते, कोणत्याही लाटेची नव्हे.

ज्या वेगळ्या अटीवर अनुमान खरे ठरते, तिला न्यायात उपाधी म्हणतात. अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. इंधन ओले असावे लागते. तसेच ढगांचा पट्टा आला म्हणजे पंढरपुरात पाऊस होईलच असे नाही. घाट चिंब होतात आणि इथे ढग नुसते वाहून जातात, हे पुष्कळदा घडते. उपाधी न सांगता केलेला अंदाज आकड्यांचा असला तरी कच्चाच.

आता लाटेच्या असण्याविषयी. मॅडन-ज्युलियन लाट सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने पूर्वेकडे जाते, पण तिच्या पुढच्या अंगाला जमिनीलगतचा वारा पूर्वेकडून, म्हणजे तिच्या समोरून येतो. पुढे जाते ती रचना. तीच हवा तिच्याबरोबर जात नाही. मग ही रचना केवळ भास का? अमृतानुभवात ज्ञानेश्वर अज्ञानवादाचे खंडन करतात आणि जग हे एकाच तत्त्वाचे स्फुरण मानतात. लाट हवेहून वेगळे द्रव्य नाही, तरी खोटीही नाही, हे समजायला ही दृष्टी जगाला मायेचा भास मानणाऱ्या मायावादापेक्षा जवळची वाटते. अर्थात हवामानाने अध्यात्म सिद्ध होत नाही, अध्यात्माने हवामानही नाही.

आषाढी एकादशीच्या महापूजेनंतर मुख्यमंत्री विठ्ठलाकडे चांगल्या पावसाचे मागणे मागतात. एकादशी तिथीने ठरते. लाट तिथी पाळत नाही. पण मागणे हे प्रमाण नव्हे, अनुमानही नव्हे, म्हणून पावसाने ते खरे किंवा खोटे ठरत नाही. दुष्काळातही वारी पोचतेच. वारकऱ्याची भक्ती पावसाच्या हिशेबावर उभी नाही. पेरणी मात्र त्या हिशेबावरच उभी असते. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यात मध्य महाराष्ट्राचे एकत्रित चित्र असते, एकट्या पंढरपूर तालुक्याचे नाही. शेतकऱ्याने तो अंदाज वाचावा, पण ही मर्यादा ध्यानात ठेवून.