'शोषयति' या पदाचा विचार



श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील २३ व्या श्लोकात, वायू आत्म्यास सुकवीत नाही हे सांगताना 'शोषयति' हे क्रियापद आले आहे. मूळ धातू 'शुष्', दिवादिगणातला. 'शुष्यति' म्हणजे स्वतः सुकतो; 'शोषयति' हे प्रयोजक रूप, म्हणजे दुसरा कोणी सुकवितो. मराठीतील 'सुकणे' व 'शोषणे' याच कुळातील. परंतु मराठी 'शोषणे' यात ओढून घेण्याची छटा आहे. जमीन पाणी शोषते ती ते पोटात घेते. (अलीकडे तर 'शोषण' म्हटले की मजुराच्या घामावर पुष्ट होणारा धनिकच आठवतो.) गीतार्थ लावताना ही छटा बाजूस ठेवावी. वारा काही घेत नाही. रस नाहीसा करतो.

हा धातू त्यापूर्वीच अर्जुनाच्या मुखी आलेला आहे, याकडे पाठकांचे लक्ष सहसा जात नाही. पहिल्या अध्यायात त्याचे मुख 'परिशुष्यति'. पुढे दुसऱ्या अध्यायाच्या ८ व्या श्लोकात, आपला शोक इंद्रियांचे 'उच्छोषण' करणारा आहे, असे तो म्हणतो. देवांचे आधिपत्य मिळाले तरी तो शोक टळणार नाही, अशी त्याची खात्री. आमच्या मते भगवंतांनी शिष्याचाच धातू उचलून उत्तर दिले आहे: सुकतात ती इंद्रिये, आत्मा नव्हे.

मात्र येथूनच काही तरुण साधक भलते अनुमान काढतात. आत्मा सुकत नाही, मग देह सुकविण्यास हरकत कोणती? उपदेशी मंडळीही खंगलेल्या भिक्षूस पाहून अधिक लवून दंडवत घालतात. त्यांनी सतरावा अध्याय उघडावा. ५ व ६ या श्लोकांत दंभ व अहंकाराने युक्त होऊन अशास्त्रविहित घोर तप करणाऱ्यांना 'कर्शयन्तः' म्हटले आहे. हा धातू 'कृश्', झिजविणे. येथे कर्ता वाराही नव्हे, शोकही नव्हे. मनुष्य स्वतः कर्ता आहे, आणि भगवंत त्यास आसुरी निश्चयाचा म्हणतात. सहाव्या अध्यायाच्या १६ व्या श्लोकात तर मुळीच न खाणाऱ्यासही योग नाही, असे स्पष्ट आहे.

वैद्यकाची साक्षही हीच. चरकसंहितेच्या निदानस्थानात 'शोष' या व्याधीची चार कारणे दिली आहेत: साहस, वेगांचे संधारण, क्षय आणि विषमाशन. साहस म्हणजे बळाबाहेरचे श्रम. उपवासाचे दिवस मोजणाऱ्याने यांतील पहिले व शेवटचे कारण आपल्या आचारास लावून पाहावे, आणि भिक्षान्न झोळीत असताना ते का नाकारीत आहोत, हे आधी आपल्या गुरूंस विचारावे.